डीएफआयजी पवनचक्कीला स्लायडिंग मोड की एच इन्फिनिटी? साइटवर खरंच काय चालतं?

इलेक्ट्रिकलवाली

नमस्कार. मी एमटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय पवनचक्कीच्या जनरेटरचं रोबस्ट कंट्रोल. मशीन २ मेगावॅटचं डीएफआयजी (डबली फेड इंडक्शन जनरेटर) घेतलंय, म्हणजे स्टेटर थेट ग्रिडला आणि रोटर स्लिप रिंगमधून कन्व्हर्टरला. आधी साधं व्हेक्टर कंट्रोल पीआय (चूक आणि साठत गेलेली चूक बघून दुरुस्ती करणारा नेहमीचा कंट्रोलर) लावून केलं, ते व्यवस्थित चाललं. मग गाईड म्हणाले पीआय सगळेच करतात, काहीतरी रोबस्ट घे, म्हणून स्लायडिंग मोड (ठरवलेली रेषा ओलांडली की लगेच उलटीकडे स्विच करणारा कंट्रोल) लावला आणि सिम्युलेशनमध्ये तो इतका छान चालतोय की मलाच शंका यायला लागलीय. रोटर रेझिस्टन्स ५० टक्के वाढवला, म्युच्युअल इंडक्टन्स २० टक्के कमी केला, वारा ८ वरून एकदम १२ मीटर पर सेकंद केला, तरी पॉवरचा ग्राफ पट्टी ठेवून रेघ मारल्यासारखा सरळ. फक्त टॉर्कमध्ये बारीक थरथर दिसत होती ती साइन (sign, फक्त अधिक की उणे सांगणाऱ्या) फंक्शनच्या जागी सॅच्युरेशन (रेषेजवळ हळूहळू बदलणारं फंक्शन) टाकून घालवली.

आता प्रश्न असा की खऱ्या पवनचक्कीत हे कुणी वापरतं का, का सगळीकडे पीआयच आहे, आणि पीआयच असेल तर का? एच इन्फिनिटीवरही (सर्वात वाईट परिस्थितीतला परिणाम कमीत कमी ठेवणारी डिझाइनची रीत) भरपूर पेपर दिसतात पण त्यातली वेट फंक्शन (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती महत्त्व ते सांगणारी) कशी ठरवली हे कुणी नीट लिहीत नाही, तर दोन्हीतलं काय घ्यावं? व्हायव्हामध्ये हमखास विचारणार की रोबस्ट म्हणजे कशाच्या विरुद्ध रोबस्ट, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर 'पॅरामीटर व्हेरिएशन' एवढंच आहे, ते ५० टक्केसुद्धा एका पेपरमधून उचललेत. मी आजवर पवनचक्कीच्या आत गेलेली नाही. ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी प्लीज सांगा, चार महिने हातात आहेत.

डीएसपी_वाला

८ वर्षं कन्व्हर्टरचं फर्मवेअर लिहितोय म्हणून माझ्या बाजूचं तेवढं सांगतो.

आधी एक सांग, सिम्युलेशनचा स्टेप टाइम किती ठेवलायस? माझा अंदाज ५ मायक्रोसेकंद आणि कंट्रोलरही त्याच स्टेपला धावतोय. तसं असेल तर तुझा कंट्रोलर सेकंदाला २ लाख वेळा निर्णय घेतोय. मेगावॅटच्या कन्व्हर्टरमधले आयजीबीटी (स्विचचं काम करणारे ट्रान्झिस्टर) २ ते ३ किलोहर्ट्झला स्विच होतात, त्याच्या फार वर नेले की तापतात. २.५ किलोहर्ट्झ धर, म्हणजे ४०० मायक्रोसेकंदाला एकदा करंट मोजायचा, हिशोब करायचा आणि ते उत्तर पुढच्या सायकलला लागू होणार, एकूण उशीर दीड सँपल म्हणजे ६०० मायक्रोसेकंद, आणि १०० हर्ट्झला एवढा उशीर साधारण २२ डिग्री फेज खातो. स्लायडिंग मोडचा सगळा जीव आहे तात्काळ स्विच करण्यात आणि नेमकं तेच इथे मिळत नाही. रेषा ओलांडली हे कळेपर्यंत करंट पलीकडे बराच लांब गेलेला असतो, मग उलटा धक्का, मग परत अलीकडे. त्याचे हार्मोनिक्स ग्रिडमध्ये जातात, आयजीबीटी तापतात, जनरेटर ओरडतो.

सॅच्युरेशन टाकलंस म्हणजे त्या बाउंडरी लेयरच्या (रेषेभोवतीच्या पट्ट्याच्या) आत तो हाय गेन प्रपोर्शनल कंट्रोलरच झाला. लयापुनोव्हची जी स्थिरतेची सिद्धता तू लिहिली असशील ती तुला त्या लेयरपर्यंत आणून सोडते, आत काय होतं त्याची हमी ती देत नाही. हे परीक्षकाने विचारायच्या आधी तूच लिहून टाक.

आता त्या रोटर रेझिस्टन्सचं. कागद घे आणि हे स्वतः करून बघ. ६९० व्होल्टच्या २ मेगावॅट मशीनचा रोटर रेझिस्टन्स स्टेटरच्या बाजूला आणला तर ३ मिलिओहमच्या आसपास येतो, आणि दोन्हीकडचा लीकेज मिळून इंडक्टन्स ०.१७ मिलिहेन्री धर. करंट लूपची बँडविड्थ १०० हर्ट्झ ठेवली तर तिथे इंडक्टन्सचा अडथळा २ पाय गुणिले १०० गुणिले ०.१७ मिलि, म्हणजे १०७ मिलिओहम. तांबं २० वरून १२० डिग्रीला गेलं की रेझिस्टन्स ३९ टक्के वाढतो, ३ चे झाले ४.२. एकीकडे १०७ असताना ३ चे ४.२ झाले तर लूपला काय कळणार? साध्या पीआयलासुद्धा काही कळत नाही. त्यामुळे रोटर रेझिस्टन्स ५० टक्के वाढवून माझा कंट्रोलर रोबस्ट आहे असं दाखवणं म्हणजे साप म्हणून भुई धोपटणं आहे. पेपरमध्ये पीआय त्या टेस्टला पडलेला दिसतो तेव्हा बहुतेक वेळा तो पीआयच ढिला ट्यून केलेला असतो.

स्लायडिंग मोड टाकून दे असं मी म्हणत नाही. १९९३ मध्ये लेव्हांटने मांडलेला सुपर ट्विस्टिंग बघ, त्यात साइन फंक्शन इंटिग्रेटरच्या मागे जातं त्यामुळे आउटपुट सलग राहतो आणि थरथर बरीच कमी होते. पण तोही ४०० मायक्रोसेकंदाच्या ब्लॉकमध्ये, एक सँपल उशिरासकट चालवून बघ. आणि तुलना करताना पीआयलाही तेवढीच मेहनत दे.

इलेक्ट्रिकलवाली

सर, स्टेप टाइम ५ मायक्रोसेकंदच आहे आणि कंट्रोलर त्याच रेटला आहे 🙏 आणि तो हिशोब करून पाहिला, माझ्या मॉडेलच्या आकड्यांनी १०४ मिलिओहम आले. हे दीड वर्षात एकदाही करून पाहिलं नव्हतं. मग मुळात बदलतं काय? म्हणजे खऱ्या मशीनमध्ये अशी कुठली गोष्ट आहे जी डिझाइन करताना माहीत नसते आणि जिच्यामुळे कंट्रोल बिघडतो?

पठारावरचा

ताई, याचं उत्तर आमच्याकडे रोज मिळतं. मी चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर १४ वर्षं मेंटेनन्सला आहे, आधी जुन्या फिक्स्ड स्पीड मशीनवर, आता डीएफआयजीवर. गणित माझं तुमच्याएवढं नाही पण बदलतं काय ते सांगतो.

पहिली गोष्ट हवा. पुस्तकात हवेची घनता १.२२५ असते, ती समुद्रसपाटीची आणि १५ डिग्रीची. आम्ही हजार मीटरच्या वर, तिथे उन्हात ती १.०५ च्या खाली येते. म्हणजे त्याच वाऱ्याला १५ टक्के पॉवर कमी, आणि टॉर्कसाठी जो के गुणिले स्पीडचा वर्ग लावतात त्यातला के सुद्धा तेवढाच चुकतो. पात्यांच्या पुढच्या कडेला उन्हाळ्यात किडे आणि धूळ चिकटून थर बसतो, हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखं लागतं, मग पहिल्या जोराच्या पावसात ते धुऊन निघतं आणि त्याच वाऱ्याला मशीन दुसऱ्या दिवशी वेगळं वागतं. वारा मोजणारा कप नॅसेलवर (टॉवरच्या टोकावरच्या पेटीवर), पात्यांच्या मागे, म्हणजे पात्यांनी घुसळलेला वारा तो मोजतो. आणि कड्याच्या काठावरच्या मशीनला वारा आडवा येतच नाही, दरीतून वर चढत येतो, वरच्या पात्याला एक आणि खालच्या पात्याला दुसराच.

दुसरी गोष्ट, एका जुलैत एक मशीन सारखं ओव्हरस्पीडवर ट्रिप व्हायला लागलं. जोराचा झोत आला की ट्रिप, रिसेट केलं की चालतंय, परत झोत, परत ट्रिप. वरून फोन आला की पिच कंट्रोलचे (पाती स्वतःभोवती वळवून स्पीड आवरणाऱ्या कंट्रोलचे) गेन वाढवा. वाढवले, तर ट्रिप कमी व्हायच्या ऐवजी स्पीड वरखाली झुलायला लागला. शेवटी वारा थोडा पडल्यावर आम्ही दोघं वर गेलो, ८० मीटर चढून, बाहेर दाट धुकं, हाताला पातं लागेल एवढ्या अंतरावरून पातं दिसत नव्हतं. रोटर लॉक करून हबमध्ये शिरलो आणि तिन्ही पाती एकेक करून फिरवून बघितली. दोन मोटरी एका सुरात चालल्या, तिसरीचा आवाज जड, कण्हल्यासारखा. त्या पात्याच्या बेअरिंगचं ग्रीस एका बाजूला सुकून घट्ट झालं होतं. दोन पाती सांगितल्यावर लगेच वळायची आणि तिसरं मागून रखडत यायचं. कंट्रोलरला वाटायचं हुकूम दिलाय म्हणजे वळलंच, तो पुढचा हुकूम द्यायचा, इंटिग्रेटर भरत जायचा, आणि झोत ओसरला तरी तो भरलेला इंटिग्रेटर रिकामा व्हायला वेळ. ग्रीसिंग करून गेन पहिल्यासारखे केले आणि मशीन शांत.

तर तुमच्या थिसिसमध्ये पिचचा वेग निम्मा करून बघा, एकाच पात्याचा निम्मा करून बघा. स्पीडच्या एन्कोडरला थोडा नॉइज द्या, कारण कपलिंग ढिलं झालं की तो येतोच. स्लिप रिंगचे ब्रश झिजतात, कार्बनची पूड साठते, तेही आहेच. आमची मशीन बिघडतात ती अशा गोष्टींनी.

जटलंडकर

धागा वाचून राहवलं नाही. मूळची सांगलीची, आता ११ वर्षं डेन्मार्कमध्ये टर्बाइनच्या कंट्रोल डिझाइनमध्ये आहे. पठारावरचा दादांनी जे सांगितलं ते आम्ही इथे बसून अंदाजाने मॉडेलमध्ये टाकतो, त्यांना ते कानाने कळतं.

सायन्सच्या बाजूने थोडं वेगळं मांडते. डीएसपी_वाला यांनी करंट लूपबद्दल लिहिलं ते अगदी बरोबर, आणि त्याचाच अर्थ असा की पवनचक्कीतली मोठी अनिश्चितता करंट लूपच्या बाहेर आहे, एकीकडे वारा आणि लोखंड, दुसरीकडे ग्रिड. पेपर मात्र ढिगाने करंट लूपवर, कारण तिथली समीकरणं नेटकी आहेत.

वाऱ्याच्या बाजूला घनता १५ टक्के चुकली तर ऐकायला भयंकर वाटतं, पण के मध्ये १५ टक्के चूक म्हणजे टिप स्पीड रेशो (पात्याच्या टोकाचा वेग भागिले वाऱ्याचा वेग) साधारण ५ टक्के हलतो, आणि पॉवर कोएफिशिएंटचं (वाऱ्यातली किती ऊर्जा पकडली त्या आकड्याचं) शिखर टोकदार नसून सपाट असतं, त्यामुळे ऊर्जेत नुकसान थोडंच होतं. म्हणून तो साधासुधा नियम इतकी वर्षं टिकलाय, मुळातच सोशिक आहे तो. याउलट 'आमचा कंट्रोलर ऑप्टिमम टिप स्पीड रेशो एका सेकंदात पकडतो' असं जे लिहितात ते बघितलं की मला त्या गिअरबॉक्सची काळजी वाटते. एनआरईएलचं (अमेरिकेतल्या ऊर्जा प्रयोगशाळेचं) ५ मेगावॅटचं रेफरन्स टर्बाइन घे, २००९ चं, सगळे आकडे खुले आहेत. ड्राइव्हट्रेनचं जनरेटरसकट जडत्व ४.३८ कोटी किलोग्रॅम मीटर स्क्वेअर. रोटरचा स्पीड एका सेकंदात फक्त १ आरपीएमने वाढवायचा तर लागणारा टॉर्क ४.६ मेगान्यूटन मीटर येतो, आणि त्या मशीनचा रेटेड टॉर्कच ४.१८ आहे. म्हणजे वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेमागे धावायचं ठरवलं तर जनरेटरला क्षणात उलटं मोटर व्हावं लागेल. तुझा पॉवरचा ग्राफ सरळ दिसतोय ना, त्याच वेळचा शाफ्टचा टॉर्क प्लॉट कर, मग कळेल तो सरळपणा कुणाच्या जिवावर आलाय.

रेटेड वाऱ्याच्या वर, म्हणजे मशीन पूर्ण पॉवरला पोचल्यावर, पिच कंट्रोल येतो. तिथे पिच १ डिग्री वळवली की पॉवर किती बदलते हे वाऱ्यावर अवलंबून असतं, त्याच ५ मेगावॅटच्या मशीनला ११.४ मीटरच्या वाऱ्यात जेवढा फरक पडतो त्याच्या चौपटीहून जास्त २५ मीटरच्या वाऱ्यात पडतो. आता ही अनिश्चितता नाही, हे आपल्याला माहीत आहे, पिच अँगलवरून थेट कळतं. जे माहीत आहे त्यासाठी गेन शेड्युलिंग करायचं, म्हणजे पिच अँगलप्रमाणे गेन बदलत न्यायचे. सगळा चौपट फरक जर अनिश्चितता म्हणून एच इन्फिनिटीच्या गळ्यात बांधला तर तो बिचारा इतका सावध होतो की कुठल्याच वाऱ्यात धड चालत नाही. मास्टर्सच्या कामात मी सर्वात जास्त वेळा पाहिलेली चूक हीच. शेड्युलिंग केल्यावर जे उरतं, म्हणजे ग्रीस सुकलेलं पातं, किडे बसलेली कड, टॉवरची फ्रिक्वेन्सी कागदापेक्षा पाच टक्के इकडेतिकडे असणं, ते खरं अनिश्चित.

एच इन्फिनिटी मला का आवडतं ते सांगते. पिच वळवली की रोटरवरचा दाब कमी होतो, टॉवर पुढे झुकतो, त्यामुळे पात्यांना वारा क्षणभर जास्त लागतो, म्हणजे आधी उलटंच घडतं. गणितात हे टॉवरच्या फ्रिक्वेन्सीजवळ राइट हाफ प्लेन झिरो म्हणून येऊ शकतं, आणि त्याच्या पलीकडे बँडविड्थ नेणं कुठल्याही कंट्रोलरला जमणार नाही, स्लायडिंग मोड असो की आणखी काही. त्यापलीकडचं मागून एच इन्फिनिटीचं डिझाइन चालवलं की गॅमा (सर्वात वाईट परिणामाचं माप) १ च्या खाली यायलाच तयार होत नाही, आणि तेव्हा कळतं की आपण अशक्य गोष्ट मागतोय. समुद्रात तरंगणाऱ्या टर्बाइनला तर अख्खा तराफा डुलतो, तिथे जमिनीवरचा पिच कंट्रोलर तसाच लावला तर डुलणं वाढत जातं, म्हणून तो मुद्दाम सावकाश करतात.

ही गॅमाची दोन रिकाटी समीकरणांची रीत १९८९ च्या ज्या पेपरने सोपी केली त्याच्या चार लेखकांत डॉयल, ग्लोव्हर आणि फ्रान्सिस यांच्यासोबत प्रमोद खरगोणेकर आहेत, आयआयटी बॉम्बेचे १९७७ चे बीटेक. मी पहिल्यांदा वाचला तेव्हा ते नाव बघून फार आनंद झाला होता. आणि त्याच डॉयल यांचा १९७८ चा एक पेपर आहे, एलक्यूजीला (त्या आधीच्या ऑप्टिमल कंट्रोलच्या रीतीला) स्थिरतेच्या किती मार्जिनची हमी असते यावर, त्याचा गोषवारा तीन शब्दांचा आहे, अजिबात नाही अशा अर्थाचा. रोबस्ट कंट्रोल हा वेगळा विषय का झाला हे समजून घ्यायला तो दोनच पानांचा पेपर वाच.

वेट फंक्शनचं सोपं आहे, ती आकाशातून पडत नाहीत. एररवरचं वेट कमी फ्रिक्वेन्सीला मोठं, कारण वाऱ्याची बहुतेक ऊर्जा तिथे आहे. पिचच्या हुकमावरचं वेट टॉवरच्या आणि तीन पाती टॉवरसमोरून जाण्याच्या फ्रिक्वेन्सीला मोठं, म्हणजे तिथे पिच हलू नये. पिच मोटरचा वेग ८ डिग्री पर सेकंद असेल तर तोही त्याच वेटमध्ये येतो. प्रत्येक वेटला मशीनमधला एकेक भाग बोट ठेवून दाखवता आला पाहिजे.

आणि हो, प्रॅक्टिसमध्ये पीआयच आहे, पण नुसता नाही. त्याच्याभोवती नॉच फिल्टर, ड्राइव्हट्रेनचा डॅम्पर, टॉवरचा डॅम्पर, अँटी वाइंडअप, रेट लिमिट असं बरंच असतं. बाराव्या ऑर्डरचा कंट्रोलर दिला तर पठारावरच्या माणसाला त्यातलं काय वाढवायचं काय कमी करायचं कळणार नाही. म्हणून साचा पीआयचाच ठेवायचा आणि गेन मात्र एच इन्फिनिटीच्या निकषावर शोधायचे, ज्याला स्ट्रक्चर्ड एच इन्फिनिटी म्हणतात. तुझ्या जागी मी असते तर हेच घेतलं असतं.

इलेक्ट्रिकलवाली

ताई, शाफ्टचा टॉर्क प्लॉट केला. ८ ते १२ च्या स्टेपला जनरेटरचा टॉर्क खरंच क्षणभर निगेटिव्ह जातोय. पॉवरचा ग्राफ सुंदर आणि खाली हे. मी टॉर्क कधी झूम करून बघितलाच नव्हता, स्केल मोठी होती म्हणून रेघ दिसत होती.

पण माझा विषय जनरेटरचा आहे, पिचवर गेले तर गाईड म्हणतील मेकॅनिकलचं झालं. ग्रिडच्या बाजूला जी अनिश्चितता म्हणालात ती कुणी समजावेल का?

फीडर_ट्रिप

ग्रिड स्टडी माझं रोजचं काम, म्हणून लिहितोय. जनरेटरवाल्यांनी ज्या गोष्टीत सर्वात जास्त जीव ओतायला हवा ती हीच, आणि थिसिसमध्ये तिला अर्धं पान मिळतं.

आधी व्होल्टेज डिप. आपल्याकडे सीईएच्या (केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या) कनेक्टिव्हिटी नियमांत व्होल्टेज पडून नेहमीच्या १५ टक्क्यांवर आलं तरी ३०० मिलिसेकंद मशीनने ग्रिड सोडायचा नाही असं आहे. डीएफआयजीचा स्टेटर थेट ग्रिडला, त्यामुळे व्होल्टेज एकदम पडलं की स्टेटरमधला फ्लक्स एकदम जाऊ शकत नाही, त्यातला एक भाग जागच्या जागी थिजतो आणि हळूहळू विरतो. रोटर मात्र फुल स्पीडला त्याच्यातून फिरतोय. नेहमी रोटरमध्ये स्लिपच्या प्रमाणात व्होल्टेज येतं, स्लिप उणे ०.२ असेल तर ०.२. त्या थिजलेल्या फ्लक्समुळे येतं १ वजा स्लिपच्या प्रमाणात म्हणजे १.२, आणि डिप ८५ टक्क्यांचा म्हणून ०.८५ गुणिले १.२, झाले १.०२. नेहमीच्या पाचपट. कन्व्हर्टर मशीनच्या ३० टक्के रेटिंगचा, त्याच्याकडे तेवढं व्होल्टेज द्यायला आहेच कुठे? त्या क्षणी पीआय, एच इन्फिनिटी, सुपर ट्विस्टिंग सगळे सारखेच, सगळ्यांचा आउटपुट छताला टेकलेला. करंट वाढतो आणि क्रोबार पेटून रोटर शॉर्ट करतो. रोबस्टनेसची नेहमीची सिद्धता अॅक्च्युएटरला मर्यादा नाही असं धरून असते, आणि डिपमध्ये नेमकी मर्यादाच गाठलेली असते. थिसिसमध्ये हे दाखव, कन्व्हर्टरचं व्होल्टेज लिमिट मॉडेलमध्ये घाल.

दुसरं, ग्रिडचा स्वतःचा इम्पिडन्स. तुझ्या मॉडेलमध्ये ग्रिड म्हणजे एक आदर्श सोर्स असणार. खऱ्या जागी एक लाइन आउटेजला गेली की शॉर्ट सर्किट रेशो (मशीनच्या मानाने ग्रिड किती दणकट त्याचं माप) निम्म्यावर येतो, पीएलएल जे व्होल्टेज बघून अँगल ठरवतो ते व्होल्टेज आपल्याच करंटने हलायला लागतं, आणि कागदावर उत्तम असलेला करंट लूप आणि पीएलएल एकमेकांना झुलवायला लागतात. हा बदल ४० टक्क्यांचा नसतो, कित्येक पटींचा असतो.

हे पुस्तकी नाही. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये टेक्सासमध्ये एक लाइन फॉल्टने बाहेर गेली आणि डीएफआयजीचं विंड फार्म सिरीज कपॅसिटर असलेल्या एकाच लाइनवर लटकून राहिलं. रोटर कन्व्हर्टरचा कंट्रोल त्या कपॅसिटरला ग्रिडच्या ६० हर्ट्झच्या खालच्या फ्रिक्वेन्सीला निगेटिव्ह रेझिस्टन्ससारखा दिसला आणि ऑसिलेशन इतकं वाढलं की क्रोबारची सर्किटं जळाली. ९ ऑगस्ट २०१९ ला इंग्लंडमध्ये वीज कोसळून लाइन ट्रिप झाली, समुद्रातल्या हॉर्नसी फार्मच्या व्होल्टेज कंट्रोलचं दुबळ्या ग्रिडमध्ये ऑसिलेशन सुरू झालं आणि ७३७ मेगावॅट गेले, त्याच वेळी दुसरीकडचं जनरेशनही पडलं आणि १० लाखांहून जास्त ग्राहक अंधारात. नेहमीच्या ग्रिडला तो कंट्रोल नीट चालत होता.

आणि २८ सप्टेंबर २०१६, साऊथ ऑस्ट्रेलिया. वादळात लाइनी पडल्या, थोड्या वेळात सहा डिप आले. टर्बाइननी प्रत्येक डिप नियमाप्रमाणे सोसला, पण कित्येक फार्मच्या कंट्रोलमध्ये ठरावीक वेळात इतकेच डिप सोसायचे असं एक सेटिंग होतं, ग्रिड चालवणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. मोजणी पूर्ण झाली आणि ७ सेकंदांच्या आत ४५६ मेगावॅट कमी झाले, अख्खं राज्य काळोखात. कंट्रोलचा अल्गोरिदम तिथे चोख चालला, एका आकड्याने घात केला.

इलेक्ट्रिकलवाली

दहा दिवसांनी येतेय, काय काय केलं ते लिहिते.

कंट्रोलर ४०० मायक्रोसेकंदाच्या ब्लॉकमध्ये टाकला, एक सँपल उशीर दिला. जुना स्लायडिंग मोड सॅच्युरेशनसकट झुलायला लागला, लेयर जाड केला तर शांत झाला पण मग पीआयपेक्षा वेगळा काही राहिला नाही. सुपर ट्विस्टिंग बरा चालला, गेन खूप खाली आणावे लागले. पीआय नीट ट्यून केला तर रोटर रेझिस्टन्सच्या टेस्टमध्ये तिघांच्या रेघा एकावर एक. व्होल्टेज १५ टक्क्यांवर आणणाऱ्या डिपला व्होल्टेज लिमिट घातल्यावर तिघेही एकाच जागी अडकले, सरांनी सांगितलं होतं तसंच. ग्रिड दुबळा केला तेव्हा मात्र पहिल्यांदा फरक दिसला, सुपर ट्विस्टिंग सर्वात आधी झुलायला लागला, मग पीआय.

गाईडना हे सगळे ग्राफ दाखवले. वाटलं होतं रागावतील, कारण आमच्याच जुन्या निकालाच्या विरुद्ध जातंय. त्यांनी टॉर्कचा ग्राफ बराच वेळ बघितला आणि म्हणाले आधी हाच चॅप्टर लिही. आता विषय असा ठरलाय की साचा पीआयचा, गेन आणि पीएलएल मिळून स्ट्रक्चर्ड एच इन्फिनिटीने शोधायचे, अनिश्चितता म्हणून ग्रिडचा शॉर्ट सर्किट रेशो, कन्व्हर्टरचा उशीर आणि म्युच्युअल इंडक्टन्सचं सॅच्युरेशन. रेझिस्टन्स काढून टाकला.

फीडर_ट्रिप सर, शॉर्ट सर्किट रेशो कुठून कुठपर्यंत घेऊ? आणि एक्स बाय आर, म्हणजे ग्रिडच्या रिअॅक्टन्स आणि रेझिस्टन्सचं गुणोत्तर?

फीडर_ट्रिप

२० पासून २ पर्यंत घे, २ ला पोचला नाही तरी चालेल पण कुठे तुटतो ते दिसू दे. एक्स बाय आर एकच ठेवू नकोस, ३३ केव्हीच्या ओव्हरहेड लाइनला तो १ ते २ च्या आसपास असू शकतो आणि वर ट्रान्समिशनला १० च्या पुढे, त्यात झुलण्याची फ्रिक्वेन्सी आणि डॅम्पिंग दोन्ही बदलतं. आणि रेशो अचानक बदलून बघ, ब्रेकर उघडल्यासारखा, हळूहळू कमी करून नको. लाइन जाते ती एकदमच जाते.

डीएसपी_वाला

पीएलएलची बँडविड्थ पण रेंजमध्ये घे, ५ ते ३० हर्ट्झ. दुबळ्या ग्रिडला बहुतेक वेळा तीच कमी करावी लागते आणि मग डिपनंतर सावरायला वेळ लागतो, ती ओढाताण दाखवलीस तर चॅप्टर भक्कम होईल.

पठारावरचा

ताई, ऑक्टोबरात वारा पडला की आमचं वर्षाचं सर्व्हिसिंग सुरू होतं. कॉलेजचं पत्र आणा, साइटच्या ऑफिसकडून परवानगी काढून देतो, हार्नेस आणि हेल्मेट इथे मिळेल, बूट मात्र स्वतःचे आणा, चांगल्या ग्रिपचे. खाली कन्व्हर्टरचं कॅबिनेट उघडलेलं असतं तेव्हा क्रोबार दाखवतो, आणि वर जायची तयारी असेल तर स्लिप रिंगचे ब्रश बदलताना बघा. सकाळी सातला पोचा, दुपारनंतर ढग आले की वर चढू देत नाहीत.